पोत्यात हात घालणारा वकील

माझ्या आईच्या ज्वारीच्या रांजणात कोपरापर्यंत हात घालून, डोळे मिटून, तोंड आढ्याकडे करून उभा असलेला माणूस. बसलिंगअप्पाची माझी पहिली आठवण ही. बाहत्तरचा दुष्काळ होता. रांजणात ज्वारी होती चार बोटं. अप्पानं हात मात्र कोपरापर्यंत घातला होता. पोतं शिगोशीग भरलेलं असो की घर रिकामं, त्याचा हात तेवढाच आत जायचा.

"तंगी, ही पाच दुकानांची ज्वारी हाय," तो आईला म्हणाला. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. "तीन काळ्या रानातल्या, एक माळाची, आन एक उंदरानं आधी चाखलेली."

आईनं पदर तोंडाला लावला. तिला हसू आलं होतं की लाज वाटली होती, ते मला कळलं नाही. कारण अप्पा बरोबर बोलला होता. ती ज्वारी आईनं उदगीरच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, पाच आडतींपुढून झाडून आणली होती. माझा बाप मोंढ्यात हमाल. तो आणि त्याच्यासारखे लोक पाठीवरून पोती उतरवायचे, उतरवताना दाणे सांडायचे, आणि दिवस मावळताना आमच्या आया केरसुण्या घेऊन ते मातीसकट गोळा करायच्या. त्याला मातेरं म्हणतात. आई ते पाखडायची, खडे वेचायची, धुऊन वाळवायची, मग दळायची. आम्ही पाच जणं त्याच्यावर जगलो. आणि त्या साली पिकलंच नाही तर मोंढ्यात गाड्या कुठून येणार, आणि गाड्याच नाहीत तर सांडणार काय? बाप रोज सकाळी डोक्यावर गोणपाटाची खोळ घालून जायचा आणि संध्याकाळी तीच खोळ कोरडीच्या कोरडी परत आणायचा.

मग रेशनला लाल मिलो ज्वारी आली. आईनं गोणी घरात आणली तशी अप्पा हजर. त्यानं हात घातला, एक दाणा दाढेखाली धरला, कट्‌कन फोडला आणि कान दिला.

"ही बोलत न्हाई," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"परक्या मुलखाची हाय. हिला आपली भाषा येत न्हाई." मग हात आणखी खाली गेला आणि त्याचा चेहरा बदलला. "तंगी, हिचा तळ ऊन लागलालाय. वरची वापर. बुडाची चार मापं ढोरापुढंबी टाकू नको."

त्या साली चार मापं उकिरड्यावर टाकायची म्हणजे काय, ते टाकणाऱ्यालाच कळेल. आई टाकून आली आणि चुलीपुढं बसून रडली. गल्लीतल्या दोन घरांत त्याच गाडीतलं धान्य आलं होतं. त्यांनी तळासकट खाल्लं, आणि आठ दिवस त्या घरांतलं कुणी धड उठून बसलं नाही. आमच्याकडं कुणी पडलं नाही.

आई त्याच्या पाया पडायला गेली तर अप्पा दोन पावलं मागं सरला. "ह्यात काय हाय? हे कुणालाबी कळतंय. तुला कायद्याचं काही असलं तर सांग."

हा बसलिंगअप्पा. सगळ्या मोंढ्यात त्याला 'वकीलसाब' म्हणत, आणि ही थट्टा आहे हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

दिसायला उंच, वाळलेला. कपाळावर विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, काखेत कागदांची पिशवी. सदऱ्याची डावी बाही मनगटापर्यंत, गुंडी लावलेली. उजवी खांद्यापर्यंत दुमडलेली, कारण तो हात कधी कुठल्या पोत्यात जाईल याचा नेम नसायचा. डावीकडून पाहिलं तर कारकून, उजवीकडून पाहिलं तर हमाल. आपल्या चुलतभावाच्या मुलाच्या आडतीवर तो कामाला होता. काम एकच. गाडी आली की पोत्यात हात घालायचा आणि माल कसा आहे ते सांगायचं. बाकीच्या आडतींवर त्यासाठी पोत्यात खुपसायची टोकदार लोखंडी नळी असायची. अप्पा त्या नळीला 'सुई' म्हणायचा आणि डॉक्टरावर जेवढा विश्वास ठेवायचा तेवढाच तिच्यावर, म्हणजे अजिबात नाही. रान काळं की माळाचं, पेरा वेळेवर की मागास, कापणीनंतर पाऊस लागला का, लागला तर किती दिवस, माल जमिनीखालच्या पेवात ठेवला की घरात, हे सगळं तो डोळे मिटून सांगायचा. शेतकरी तोंडात बोट घालायचे. आणि अप्पा वैतागायचा.

"हे सोडा हो. दफा सांगू का?"

दफा म्हणजे कलम. निजामाच्या वेळी पोरवयात तो दोन वर्षं एका वकिलाकडं पानसुपारी आणायला होता. त्या दोन वर्षांत वकिलाचं पान किती रंगलं ते माहीत नाही, पण अप्पावर कायद्याचा रंग असा चढला की मरेपर्यंत उतरला नाही. दरखास्त, दफा, फैसला, हाजिर हो, एवढ्या शब्दांवर त्यानं चाळीस वर्षं वकिली केली. अशील एकच, तो स्वतः. सगळे खटले हरला.

लतीफभाईवरचा खटला तर मोंढ्यात अजून सांगतात. लतीफभाई म्हणजे अप्पाच्या शेजारचा सायकलदुरुस्तीवाला. त्याच्या शेळीनं अप्पाच्या दारातलं बेलाचं रोप खाल्लं. अप्पानं दावा ठोकला. आता कोर्ट गावाच्या त्या टोकाला, अप्पाचे गुडघे दुखायचे, आणि गल्लीत सायकल फक्त लतीफभाईकडं. तेव्हा दर तारखेला प्रतिवादी पेडल मारतोय आणि वादी पिशवी पोटाशी धरून मागं क्यारेजवर बसलाय, अशी वरात निघायची. उतारावर वादी ओरडायचा, "हळू चालव लतीफभाई, साक्षीपुरावा सांडंल!"

निकाल अप्पाच्या विरुद्ध लागला. परत येताना म्हणाला, "लतीफभाई, आज न्यायाधीशाचं पोट बिघडल्यालं दिसत व्हतं."

"हौ वकीलसाब," लतीफभाई म्हणाला, "सूरत उतरी हुई थी उनकी." आणि जिंकलेल्या लतीफभाईनं हरलेल्या अप्पाला चहा पाजला. पुढच्या महिन्यात बेलाचं नवं रोपही आणून लावलं. त्यावर अप्पाचं म्हणणं, "बघ, फैसला चुकला. मी न्हाई चुकलो. चुकलो असतो तर रोप कामून आणलं असतं?"

मी नांदेडला कॉलेजात शिकून बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात पहिला, आमच्या हमालवाड्यातही पहिला. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं माझी फजिती लिहायची आहे आणि ती कुणाची झाली हे नीट कळायला पाहिजे. वसतिगृहात राहिलो, दुसऱ्याची पुस्तकं उतरवून घेतली, सुट्टीत मोंढ्यात पोती मोजली. वनस्पतिशास्त्र घेऊन दुसऱ्या वर्गात पास झालो. त्या दिवसापासून अप्पा मला 'गंग्या' सोडून 'गंगाधरराव' म्हणायला लागला. मीही त्याला ज्वारीचं लॅटिन नाव सांगितलं.

"ह्या नावानं हाक मारली तर ती ओ देती का?" त्यानं विचारलं.

नोकरी काही मला ओ देईना. दोन वर्षं अर्ज केले. तेवढ्यात बाप फळीवरून पाठीवरच्या पोत्यासकट घसरला आणि त्याची कंबर गेली. तो खाटेवर, धाकटी दोघं शाळेत, आणि आईनं पुन्हा केरसुणी उचलली. पदवीधर पोराची आई मोंढ्यात मातेरं झाडतेय, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला मी समजावून सांगू शकत नाही. मी तिला पाहून आडतीच्या मागच्या बाजूनं जायचो.

अप्पानं ते पाहिलं असणार. एक दिवस म्हणाला, "गंगाधरराव, रिकामे कामून फिरलालाव? उजवी बाही वर करा."

असं माझं शिक्षण सुरू झालं. मला वाटलं, ह्यात काय शिकायचंय? दाण्यात पाणी किती असतं, ते कुठं साठतं, बुरशी कशी वाढते, हे मला पुस्तकातून पाठ होतं. पंधरा दिवसांत माझी खात्री पटली की मला सगळं आलं. सोळाव्या दिवशी, अप्पा आला नव्हता तेव्हा, एका शेतकऱ्याच्या गाडीत मी हात घातला, डोळे मिटले, आढ्याकडं पाहिलं आणि जाहीर केलं, "भिजलेली आहे."

आडत्यानं माल नाकारला. शेतकऱ्यानं बैल वळवले आणि आला तसा बारा कोसांवर परत गेला.

दोन दिवसांनी मला एक कागद मिळाला. अप्पानं कुणाकडून तरी लिहून घेतलेला, खाली त्याची उर्दूत सही. ती नोटीस होती. 'माझे अशील, ज्यांची ज्वारी कोरडी खणखणीत असता तुम्ही आपल्या अज्ञानाने ती भिजलेली ठरविली, त्यांचे बैल नाहक चालले. सबब तुम्ही सात दिवसांत हाजिर राहून आपली चूक कबूल करावी.'

माझ्या गुरूनं मला नोटीस दिली होती. मी कागद घेऊन भांडायला गेलो.

"जाताना त्यानं माझ्या दारात गाडी थांबवली, मी हात घातला. माघाचा महिना हाय," अप्पा म्हणाला. "गाडी रातभर उघड्यावर चालली. ज्वारी थंडीनं गार व्हती. थंडीनं गार आन पाण्यानं गार, ह्यात फरक हाय. थंडीची गार हाताला लागून निघून जाती. पाण्याची गार बोटाला धरून बसती. आन लई दिवस झाले की तीच ऊन व्हती. हे कंच्या बुकात हाय?"

कुठल्याच बुकात नव्हतं. अप्पानं त्या शेतकऱ्याला निरोप धाडून बोलावलं, मला सगळ्यांपुढं चूक कबूल करायला लावली, आणि त्याची ज्वारी स्वतः उभं राहून पहिल्या भावानं घ्यायला लावली. मग माझ्याकडं वळून अगदी प्रेमानं म्हणाला, "खटला मिटला."

वर्षभर शिकलो. जसजसा शिकत गेलो तसतसं मला काय येत नाही ते दिसत गेलं. पंधरा दिवसांनी मला सगळं येत होतं. वर्षानं मला एवढं कळलं की अप्पाच्या शेजारी मी उभा राहू शकत नाही. त्याच वर्षी मी हेही पाहिलं की, ज्या कामाला घाम लागत नाही ते काम माणूस कामात धरतच नाही. अप्पाचा हात पोत्यात आपोआप जायचा, म्हणून त्याला वाटायचं तो सगळ्यांचाच जातो. कायद्यात त्याला घाम फुटायचा, म्हणून त्याला वाटायचं तीच आपली विद्या.

मग लातूर जिल्हा झाला. उदगीर उस्मानाबादेतून निघून लातुरात आलं आणि ज्याला त्याला वाटायला लागलं की नव्या कचेरीतली एक खुर्ची आपली वाट पाहते आहे. अप्पाचा आनंद वेगळाच. "जिल्हा कोर्ट येलालंय गंगाधरराव! आता खालच्या सगळ्या फैसल्यांचं बघतो. अपिलाला दोन एस्ट्या बदलाव्या लागत व्हत्या. आता एकाच एस्टीत न्याय."

एका सकाळी मोंढ्यापुढच्या हॉटेलात मी पेपर उघडला. लातूरच्या सरकारी धान्यगोदामासाठी मालाची प्रत ठरवणारा माणूस पाहिजे. जागा एक. पात्रता, विज्ञान शाखेचा पदवीधर. प्रत्यक्ष परीक्षा घेतली जाईल. मी मोठ्यानं वाचायला लागलो, कारण समोर अप्पा बसला होता. त्याला उर्दू भराभर वाचता यायचं. मराठी छापील अक्षरं तो बोट ठेवून, एकेक करून वाचायचा.

जाहिरातीत खाली आणखी एक ओळ होती. 'पदवी नसल्यास, धान्याच्या प्रत्यक्ष कामाचा पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्यांचाही विचार होईल.'

ती मी वाचली. मनात. मोठ्यानं वाचली नाही. पेपराची घडी घातली आणि चहा संपवला.

जागा एक होती. आई बाहेर झाडत होती. दुसरं कारण मी शोधलेलं नाही, आणि असलं तरी त्यानं काही बदलत नाही.

"भरा दरखास्त," अप्पा म्हणाला. "मी मसुदा करून देतो." त्यानं केलेला मसुदा मी फाडला आणि माझा लिहिला.

परीक्षेच्या दिवशी लातूरच्या एस्टीत चढलो तर अप्पा आधीच बसलेला. पिशवी मांडीवर, सदरा धुतलेला.

"अप्पा, तुम्ही कशाला?"

"सरकारपुढं एकट्यानं जायचं नसतंय. वकील लागतो."

गोदामाच्या कचेरीत आम्ही सात उमेदवार होतो, सगळे इस्त्रीच्या कपड्यांत. परीक्षा घ्यायला नांदेडहून एक वयस्क साहेब आले होते, जाड चष्म्याचे, कमी बोलणारे. टेबलावर सात वाट्या. प्रत्येकीत धान्य. बघायचं आणि कागदावर प्रत लिहायची. अप्पाला मी व्हरांड्यात बसवलं, तर तो खिडकीच्या गजाला नाक लावून उभा. पाचव्या वाटीत ज्वारी होती, पांढरी, टपोरी. चिमटीत घेतली, दाढेखाली फोडली. कट्‌ वाजलं. लिहिलं, 'पहिली प्रत, कोरडी.' शेजारच्यानंही तेच लिहिलं. सगळ्यांनी तेच लिहिलं असणार.

"हरकत हाय साहेब!"

अप्पा दारात उभा होता. पिशवी छातीशी. शिपाई त्याची डावी बाही धरून ओढत होता.

"कोण तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"उमेदवार नंबर चारचा वकील."

सहा जण हसले. सातवा मी. मला जमिनीत जावंसं वाटलं. बी.एस्सी. माणसाचा वकील, एक बाही वर केलेला!

"इथं वकील चालत नाही," साहेब म्हणाले.

"चालत न्हाई ही दफा कंची?"

साहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता आम्हा दोघांना हाकलतात. पण ते म्हणाले, "हरकत काय आहे ते सांगा."

"तुम्ही वाटीतल्या दाण्यावर फैसला मागून राहिले. वाटीतला दाणा वाऱ्यानं सुकतो. खरा साक्षीदार तिकडं पोत्यात बसलाय आन जबानी तुम्ही इकडं घेऊन राहिले. पोत्यापाशी चला. तिथं इच्चारा."

खोलीत कुणी हसलं नाही. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "चला," ते म्हणाले.

पाचव्या वाटीचं पोतं थप्पीच्या कडेला उभं होतं. इस्त्रीवाल्यांनी एकेकानं लोखंडी नळी खुपसली, वीतभर, तोंडापाशीच. दाणे कोरडे निघाले. माझी पाळी आली तेव्हा मी उजवी बाही वर केली. कोपरापर्यंत हात घातला. डोळे मिटले. आढ्याकडं तोंड केलं. मागून कुणीतरी खुसकन हसलं. बोटं तळाकडं गेली आणि मला माझ्या आईचा रडका चेहरा दिसला, चुलीपुढचा.

"तळ ऊन आहे साहेब. पंधरा दिवसांत सगळं पोतं सडेल."

पोतं उलटं केलं. बुडाची ज्वारी ढेकळासारखी पडली, हिरवट, कुबट वासाची.

साहेब माझ्याकडं नाही, अप्पाकडं पाहत होते. "तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"मला? न्हाई साहेब. मी कायद्याचा माणूस."

"त्या पोत्यात हात घाला." साहेबांनी दुसऱ्या थप्पीकडं बोट केलं.

अप्पाला हे मुद्द्याला सोडून वाटलं असावं, पण त्यानं घातला. "पेवातली हाय. गेल्या सालची. काळ्या रानाची. काढताना पेवाच्या तोंडाशी पाऊस लागला, पर लगेच वाळवली." साहेबांनी त्या थप्पीची नोंदवही मागवली, बोट फिरवलं, वही मिटली. मग म्हणाले, "तुमचा अर्ज का नाही? अनुभवी माणसासाठी खाली वेगळी ओळ आहे जाहिरातीत. वाचली नाही का तुम्ही?"

माझ्या पायाखाली ज्वारी सांडलेली होती. मी तिच्याकडं पाहत राहिलो.

अप्पानं माझ्याकडं एकदा पाहिलं. फार वेळ नाही.

"वाचली की साहेब," तो म्हणाला. "ह्या पोरानंच वाचून दावली. दोनदा. पर चालती वकिली सोडून पोत्यात हात घालायला कोण येईल? हे तर कुणालाबी कळतंय."

एस्टीत तो खिडकीशी बसला. खुशीत होता. "जिंकलो का न्हाई? 'खरा साक्षीदार पोत्यात बसलाय' म्हणल्याबरोबर साहेबानं पेन ठेवला. बघितलंत?" मी मान हलवली. नळेगाव मागं पडल्यावर त्यानं तोंड खिडकीकडं वळवलं. मग बाहेर बघतच बोलला.

"आमचे बाबा गेले तवा मी सतरा वर्षांचा व्हतो. ही आडत बाबांची. चुलत्यांनी दावा केला, पोराला दुकान झेपत न्हाई म्हणून. मुन्सफानं मला इच्चारलं, तुला काय येतं? दुकान चालवायसारखं काय हाय तुझ्यात?"

"मग?"

"गप उभा राहिलो. काय सांगू? पोत्यात हात घालतो म्हणून सांगू? लोक हसले असते." त्यानं उजवी बाही हळूहळू खाली केली, मनगटापर्यंत. मी ती खाली केलेली कधी पाहिली नव्हती. "बोलायचं व्हतं त्या दिवशी बोललो न्हाई. तवापासून बोलून राहिलो."

ज्या दुकानात तो चाळीस वर्षं नोकर होता, ते दुकान त्याचं होतं. सगळा मोंढा त्याला हसत होता. मीही हसत होतो, आणि मी तर शिकलेला होतो.

मला नोकरी लागली. अप्पानं मोंढाभर सांगितलं, "माझ्या युक्तिवादावर लागला." मी कधी खोडून काढलं नाही. साहेबांची बदली झाली. अप्पाला रोजंदारीवर तरी घ्या म्हणून मी नव्या साहेबांकडं गेलो, तर त्यांनी वयाची अट दाखवली. पुढं त्याच्या पुतण्यानं आडतीवर दाण्यातला ओलावा सांगणारं यंत्र आणलं आणि काकाला सांगितलं, उद्यापासून नाही आलात तरी चालेल. अप्पा येत राहिला. ओट्यावर बसायचा. यंत्रावर दावा लावायचा म्हणायचा. ते मात्र लतीफभाईनं सायकल देऊनही झालं नाही.

तो अंथरुणाला खिळला तेव्हा मी उदगीरला गेलो. खोलीत लतीफभाई त्याला चमच्यानं पेज भरवत होता. अप्पानं माझा हात हातात घेतला, तळवा दाबून पाहिला, डोळे मिटले. सवयीनं तोंड आढ्याकडं गेलं.

"मऊ पडला गंगाधरराव. सुई खुपसलालाव काय आता?"

"नाही अप्पा. हातच घालतो."

"खोटं बोललालाव. दफा सांगू का?"

आम्ही तिघंही हसलो. मग मला राहवलं नाही. "अप्पा, त्या जाहिरातीत एक खालची ओळ होती..."

त्यानं माझा हात सोडला नाही.

"त्या खटल्याची मुदत गेली," तो म्हणाला. "आता दाखल व्हत न्हाई."

मी त्या गोदामात निवृत्त होईपर्यंत राहिलो. अप्पानं तळवा दाबला त्या दिवसानंतर लोखंडी नळीला हात लावला नाही. माझ्या सहीनं ऊन तळाचं एकही पोतं रेशनच्या दुकानात गेलं नाही. आईनं मोंढ्यातलं झाडणं मी नोकरीला लागलो त्याच आठवड्यात सोडलं, आणि पुढं मरेपर्यंत तिनं स्वच्छ, विकत घेतलेल्या ज्वारीची भाकर खाल्ली.